हळदीकुंकवाचा सर्वांत जवळचा रस्ता

माझे संशोधनाचे दोन विषय सरांनी चहात खारी बुडवून खाता खाता निकालात काढले. पहिला होता दहिसर नदीच्या पात्रात झालेले बदल, उपग्रहाच्या चित्रांवरून. "दर वर्षी चार जण हेच आणतात," सर म्हणाले. "नदीत पाणी नसेल एवढे तिच्यावर प्रबंध झालेत." दुसरा विषय खारफुटीचा होता. त्यावर त्यांनी नुसती दुसरी खारी उचलली. मला समजायचं ते समजलं.

मी तेव्हा अंधेरीच्या एका कॉलेजात भूमाहितीशास्त्रात एमएस्सी करत होतो. म्हणजे नकाशे, उपग्रह आणि संगणक यांची मोट बांधायची आणि जे शेजाऱ्याला विचारून दोन मिनिटांत कळलं असतं ते दोन वर्षांत शोधून काढायचं. चांगली चालू नोकरी सोडून मी या भानगडीत पडलो होतो. वर्गात सगळ्यांत म्हातारा मीच, दोन पोरं तर मला चुकून 'सर' म्हणायची. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी विभागाची समिती बसणार होती. तिथे प्रस्ताव मंजूर झाला नाही तर आख्खं सत्र वाया. म्हणजे आणखी सहा महिने त्या पोरांकडून 'सर' ऐकून घ्यायचं. संक्रांत होऊन गेली होती आणि माझ्याकडे विषयाच्या नावाने शून्य होतं.

विषय सापडला आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळच्या बाकावर. दहिसरला आमच्या चार इमारती आहेत, एका रांगेत, तीन मजली, लिफ्ट नाही. एका संध्याकाळी मी घरी येत होतो, तर एक नंबर इमारतीतल्या मालवणी काकू बाकावर चपला काढून पाय दाबत बसलेल्या. जरीची साडी, नाकात नथ, मांडीवर पिशवी, आणि पिशवीतून डोकावणाऱ्या प्लास्टिकच्या गाळण्या. हळदीकुंकवाचे दिवस होते.

"काय काकू, दमलात?"

"मेल्या, एकवीस घरां झाली, नऊ रवली," काकू म्हणाल्या. "तीनदा चार नंबरात जावन इलंय. पायांची वाट लागली."

"तीनदा कशाला? एकदाच सगळं चार नंबर उरकायचं ना."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच घरी गेलो. पण डोक्यात किडा वळवळायला लागला होता. एक बाई, तीस घरं, एक संध्याकाळ. कमीत कमी चालून सगळीकडे कसं जाता येईल? हा तर आमच्या शास्त्रातला नामांकित प्रश्न. कुरिअर कंपन्या यावर डोकं फोडतात. हळदीकुंकवावर कोणीच फोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. सरांची खारी चहात राहिली आणि विरघळली. "हे कोणी केलेलं नाही," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं कौतुक. त्यांनी लगेच नाव पण दिलं: 'उपनगरी वसाहतीतील हंगामी सामाजिक भेटींचे मार्ग-विश्लेषण'. "पण पाच बायकांचे खरे मार्ग आण. नुसत्या कल्पनेवर समिती हो म्हणणार नाही."

घरी येऊन आईला सांगितलं. आई फॉल-पिकोचं काम करते. आमचं घर दोन नंबर इमारतीच्या तळमजल्यावर, इमारतीतून आरपार जाणाऱ्या पॅसेजमध्ये आहे, आणि तिचं मशीन दाराशीच असतं. सोसायटीतली एकही साडी तिच्या हाताखालून गेल्याशिवाय नेसली जात नाही. तिने पायडल न थांबवता ऐकून घेतलं.

"मला नाही बोलवत हळदीकुंकवाला," ती म्हणाली. "तुझे बाबा गेल्यापासून तीन वर्षं झाली. पण तू जा. तुला बोलावतील. नकाशेवाला म्हणून."

आज पाणी येणार नाही, या सुरात तिने ते सांगितलं. मीही त्याच सुरात "बरं" म्हटलं आणि बायका शोधायला बाहेर पडलो.

पाच बायका जमवल्या. मालवणी काकू. सेक्रेटरींच्या सौभाग्यवती. तीन नंबरमधल्या शाळेतल्या बाई. नुकतीच लग्न होऊन आलेली एक नंबरमधली सून. आणि पाचवी, मागच्या गावठाणातली आंटी. आंटी ख्रिश्चन, घरात मराठीच बोलते, फ्रॉक घालते, आणि गेली वीस वर्षं आमच्या सोसायटीत न चुकता हळदीकुंकवाला येते. "मला ते तिळाचे लाडू आवडतात," असं तिचं साधं कारण. प्रत्येकीच्या फोनमध्ये मी जीपीएसवर वाट नोंदवणारं ॲप टाकलं, आणि कळकळीने एवढंच सांगितलं की फोन जवळ ठेवा आणि प्रत्येक दाराचा एक फोटो काढा.

पहिल्या संध्याकाळची माहिती लॅपटॉपवर उतरवली तेव्हा मी कपाळाला हात लावला.

शाळेतल्या बाईंच्या पर्सला फोनचं वजन झालं, म्हणून त्यांनी तो नवऱ्याकडे दिला. त्यामुळे माझ्या नकाशात एक सुवासिनी पावणेदोन तास सोसायटीच्या ऑफिसात कॅरम खेळत होती आणि मधे दोनदा नाक्यावरच्या पानाच्या टपरीवर जाऊन आली होती. नव्या सुनेने फोन चार्जिंगला लावून ठेवला होता, ती कुठेच गेली नाही. मालवणी काकूंचे सगळे फोटो तांबडे. आधी मला वाटलं कॅमेरा बिघडला. मग फोन हातात घेतला तर कॅमेऱ्यावर हळदीकुंकवाचं हे एवढं बोट.

"काकू, हे काय?"

"नव्या कामाक लावलंय, पूजा नको करूक?"

यावर संशोधनाच्या पुस्तकांत काही उत्तर दिलेलं नाही.

मी फोन पुसले, पुन्हा सगळं समजावलं, बाईंच्या नवऱ्यालाही समजावलं, आणि तीन-चार संध्याकाळी गेल्यावर पाच बरे मार्ग हाती आले. मग संगणकाला विचारून मी सर्वांत जवळचा रस्ता काढला. सुरेख आला. एक नंबरपासून सुरू, जिन्याने वर, जिन्याने खाली, मग दोन, तीन, चार, संपलं. बायका चालत होत्या त्याच्या निम्म्याहून कमी अंतर. मी तो कागदावर छापून मोठ्या ऐटीत मालवणी काकूंना नेऊन दिला.

काकूंनी चष्मा लावून तो वाचला. "आणि हिच्याकडे आधी जायचा? ती माझ्याकडे अजून येवक नाय. ती येयसर मी कशाक जाव?" मग बोट पुढे सरकलं. "हिच्याकडे सहा वाजता? सहाक ती घरात असता."

"असायलाच हवी ना, काकू?"

"आमी एकमेकींशी बोलनव नाय! ती भाजी आणूक गेली काय मी जातंय. तिची सासू कुंकू लावता. जावन इलंय तां झाला, तोंड बघूक नको."

म्हणजे चार नंबरात तीनदा जाण्यामागे एवढं राजकारण होतं. तासभर काकू बोलत होत्या आणि मी लिहून घेत होतो. कोणाकडे पोहे मिळतात म्हणून शेवटी जायचं, कोणाकडे वाण संपतं म्हणून पळत आधी जायचं. माझ्या संगणकाला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. माझा प्रस्ताव मात्र एकदम रंगात आला.

उरलेला उलगडा आई करायची. संध्याकाळी मी नकाशा उघडला की ती मशीन सोडून शेजारी यायची. कोणाकडे कुठली साडी, कोणाचं कोणाशी वाजलंय, सगळं तिला पाठ. "ही निळी रेघ कोणाची? इथे वीस मिनिटं थांबली? मग खाल्लं असणार. आणि वर विचारते, पोलकं घट्ट का झालं." मी घराबाहेर जाऊन पंधरा दिवसांत जे गोळा केलं त्याच्यापेक्षा जास्त तिला मशीनवर बसून ठाऊक होतं. मला थोडा रागच आला.

सरांना नकाशा दाखवायला गेलो तेव्हा त्यांनी लाल पेन एका जागेवर टेकवलं. "हे काय? एक नंबरातून तीन नंबरात जायला मधल्या इमारतीतून सरळ पॅसेज दिसतोय. तुझ्या चार बायका त्यातून गेल्याच नाहीत. पार पाण्याच्या टाकीला वळसा घालून गेल्यात, रोज. भिंत आहे का इथे?"

"नाही सर. उघडा आहे."

"गेट? कुत्रं? मग पाचवी कशी गेली?"

पाचवी आंटीची रेघ. हिरवी. ती पॅसेजमधून सरळ गेली होती, आणि मधोमध अठरा मिनिटं थांबली होती.

तिथे आमचं दार होतं. आंटी आईशी गप्पा मारत उभी राहिली होती. बाकीच्या चौघी सकाळी त्याच दाराशी यायच्या, आईकडून फॉल लावलेली साडी घेऊन जायच्या, आणि संध्याकाळी तीच साडी नेसून, हातात करंडा घेऊन, टाकीकडून जायच्या. मुद्दाम कोणी ठरवलं नसेल. हळदीकुंकू घेऊन हिच्यासमोरून कसं जायचं, एवढाच संकोच असेल. पण मला नकाशावर ते बघून असं लाज आणि राग एकदम आल्यासारखं झालं. पंधरा दिवस मी त्या रेघांचे रंग ठरवत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

"बघून सांगतो, सर," एवढंच म्हणालो.

आईला सांगायचं नाही असं ठरवून मी घरी आलो. त्या तंद्रीत मी गाढवपणा केला. नकाशा छान दिसतोय का, म्हणून मालवणी काकूंना फोनवर पाठवला. काकूंना तो इतका आवडला की त्यांनी तो सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. माझ्या नकाशात नावं नव्हती, मी काय इतका मूर्ख नाही. फक्त फ्लॅट नंबर होते. आणि कोण कोणाकडे किती मिनिटं थांबलं, ते.

अर्ध्या तासात सोसायटी पेटली. "माझ्याकडे चार मिनिटं आणि तिच्याकडे पाऊण तास?" "डोकं दुखतंय सांगून गेलीस ना गं, मग ही रेघ कुठे चालली?" शाळेतल्या बाईंच्या नवऱ्याची टपरीवारी मी पुसली नव्हती, तिथे दोघांचं वेगळंच वाजलं. सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लावली, की सोसायटीच्या आवारात परवानगीशिवाय नकाशे काढू नयेत. त्यांच्या सौभाग्यवतींची तक्रार निराळी होती. मी त्यांना तपकिरी रंग दिला होता.

सरांना हे कळवलं. फोनवर त्यांनी एकच विचारलं. "संमतिपत्रं घेतली होतीस ना? पाच बायकांची, आणि त्या ज्या घरांत गेल्या त्या सगळ्या घरांची?"

मी नव्हती घेतली. ज्या बायकांनी मला लहानपणी न्हाऊमाखू घातलं त्यांच्याकडून सही काय घ्यायची, असं मला वाटलं होतं.

"सह्या नसतील तर मी हा प्रस्ताव समितीपुढे ठेवणार नाही. ठेवूच शकत नाही."

तीस घरं. समिती परवा. दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून कागद घेऊन दारोदार फिरलो. कोणी उघडलं नाही, कोणी साखळीआडून "बाहेर गेलेत" म्हणून स्वतःच सांगितलं. मालवणी काकूंनी तेवढी सही केली, आणि वर म्हणाल्या, "माझ्यामुळे झाला रे, पण नकाशो झकास होतो." दुपारी चारला मी घरी येऊन कोचावर आडवा झालो. सत्र गेलं, विषय संपला, मी परत 'सर'. हे सगळं आईला सांगितलं, आणि बोलण्याच्या ओघात ते टाकीचंही निघून गेलं.

"मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," आई म्हणाली. "तू मोठा झाल्यावर दिसेल तुला, म्हणून गप्प बसले." तिने सुईतला दोरा तोडला. "लाजतात त्या. मी काय चावते? आण इकडे ते कागद."

"आज रथसप्तमी आहे, आई. शेवटचा दिवस. सगळ्या घरांत बायका असतील."

"मग बरंच की. एका घरात चार-चार सह्या मिळतील."

"अगं पण तू कशी जाणार?"

"मी हळदीकुंकवाला नाही चालले. सह्या घ्यायला चाललेय." तिने साडी बदलली, कागद साडीच्या पिशवीत घातले, चार पेनं घेतली. दारातून परत फिरली. "ते तुझं यंत्र पण चालू कर माझ्या फोनात. मी फिरतेच आहे तर."

ॲप थेट लॅपटॉपला जोडून मी बघत बसलो. आईचा ठिपका पॅसेजमधून निघाला आणि पहिल्यांदा चार नंबरात गेला, तिथून एकात, मग परत चारात. माझ्या जवळच्या रस्त्याला तिनेही काडीची किंमत दिली नाही. मग ठिपका सेक्रेटरींच्या घरी जाऊन थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पंचवीस मिनिटं झाल्यावर मी चपला घातल्या. भांडण सोडवायला निघालो होतो, खरंच. तेवढ्यात ठिपका हलला.

आई साडेसातच्या सुमाराला आली. एकटी नाही. मागे मालवणी काकू, सेक्रेटरींच्या सौभाग्यवती, आणि आणखी पाच-सहा जणी, सगळ्या पॅसेजमधून, आमच्या दारात. त्यांना आपापली रेघ मोठ्या पडद्यावर बघायची होती. आईच्या पिशवीत तीसच्या तीस कागद होते, आठ प्लास्टिकच्या गाळण्या होत्या, दोन साबणदाण्या होत्या. कपाळावर हळद होती आणि कुंकूही होतं.

"पहिल्या घरात तिचा हात करंड्यात गेला आणि तसाच राहिला," आई नंतर सांगत होती. "मला बघून घामच फुटला तिला. मी म्हटलं, आधी सही कर, मग काय लावायचं ते लाव. घरी कितीतरी कामं पडलीत मला."

सेक्रेटरींच्या घरी पंचवीस मिनिटं कशाला लागली तेही कळलं. सौभाग्यवतींची एक अट होती, त्यांची रेघ मोरपंखी करायची. आई नाही म्हणत होती, माझ्या मुलाने विचार करून रंग दिलेत म्हणून. शेवटी आई मोरपंखीला कबूल झाली आणि मग चहा झाला.

मला रडू आलं. मी लॅपटॉपमध्ये तोंड घातलं आणि सगळ्यांसमोर ती रेघ मोरपंखी करत बसलो.

दुसऱ्या दिवशी समितीत तीन जण होते. बाहेरून आलेल्या मॅडमनी नकाशा जवळ ओढला. "ही सहावी रेघ वेगळी आहे. चारजणी जी जागा टाळून वळसा घालतात तिथूनच ही सुरू होते. कोण आहे ही?"

"माझी आई," मी म्हणालो. "तिथे अडथळा होता, मॅडम. तो कुठल्याच मूळ नकाशात नव्हता. मला पण घरात राहून कळला नव्हता."

मॅडमनी पेनाने त्या वळशाभोवती गोल काढला. मग सरांना म्हणाल्या, "याला नुसती अंतरं मोजू देऊ नका. हा वळसा कशाचा ते पण लिहायला लावा." सरांनी मान हलवली. प्रस्ताव मंजूर झाला, पुढच्या हंगामात मोठ्या नमुन्यावर काम करायच्या अटीवर.

घरी आलो तेव्हा आई कोणाच्या तरी पैठणीला फॉल लावत होती. मी म्हटलं, "झाला मंजूर."

"मग? पुढच्या वर्षी किती बायका लागतील तुला?"

"तीस."

तिने मशीन थांबवलं. "मला धरून?"

"तुला धरून."

"मग एकोणतीसच शोध," ती म्हणाली, आणि पुन्हा पायडल मारायला लागली.